ब्लॉक फुटलाय, हे ठरवायचं कसं?

प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन खोललं आहे. चेंबरमधलं ऑइल दुधाळ झालं होतं, रेडिएटरचं पाणीही कमी होत होतं. एक मिस्त्री म्हणतात ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात ते इंजिनचं ओतीव धड) गेला, भंगारात घाला. दुसरे म्हणतात लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि पिस्टन नवे टाकून बांधून टाकू. मला तर चीर कुठेच दिसत नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : तूर्त कोणाचंच नको. ऑइलमध्ये पाणी उतरलं एवढ्यावरून ब्लॉकला दोष देणं हा निव्वळ अंदाज झाला. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली पट्टी), हेडची चीर, ऑइल कूलर, यांतलं काहीही हा उद्योग करू शकतं. तुमचे लायनर ओले, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे असतील, तर खालच्या ओ-रिंगाही, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी. काढलेले लायनर फेकू नका, त्यांची बाहेरची बाजू नीट बघा. एका अंगाला बारीक खड्ड्यांचा पट्टा दिसला, तर त्यातला एखादा आरपार गेलेला असू शकतो. मग ब्लॉक बिचारा फुकट बदनाम.

आता ब्लॉक. बेअरिंगा, प्लग, सगळं काढून गंज, रंग आणि चिकटलेलं गॅस्केट जाईपर्यंत धुवा. तेलकट बिडावर केलेली तपासणी करून न केल्यासारखीच. नजर आधी ठरावीक जागी टाका : दोन सिलिंडरमधली अरुंद भिंत, हेड स्टडच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंतची जागा, लायनरचा खांदा टेकतो ती कड, मेन बेअरिंग (ज्यांत क्रँकशाफ्ट फिरतो) धरणाऱ्या भिंती. थंडीत आत पाणी गोठलं असेल तर चीर बहुधा बाहेरच्या अंगाला, लांब आणि आडवी असते. ओतकामाची रेघ उठावदार असते, नखाला वर लागते. तिला चीर समजू नका.

यंत्र नसलं तरी एक जुनी रीत आहे. संशयाच्या जागी रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने अगदी लख्ख पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. चिरेत शिरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्या पुडीत केसाएवढी ओली रेघ उमटते. डाय पेनिट्रंटचं, म्हणजे चिरा शोधायच्या तयार रंगाचं, तत्त्व हेच, फक्त रंग लाल आणि पूड जास्त बारीक. दोन्हींत ठिपके दिसले तर ती बिडाची छिद्रं असू शकतात. सलग रेघ दिसली तर कान टवकारा. खडबडीत भागावर मात्र ही परीक्षा फसवी ठरते. तिथे चुंबक आणि लोखंडाची बारीक पूड बरी. पण चुंबक एकदा लावून थांबू नका, काटकोनात फिरवून पुन्हा लावा. चुंबकाच्या दोन टोकांना जोडणाऱ्या दिशेत गेलेली चीर पहिल्या खेपेला पूड धरतच नाही.

पाण्याच्या पोकळीतल्या चिरेचा खरा निकाल प्रेशर टेस्टच देते. पाण्याच्या सगळ्या वाटा पट्ट्या आणि रबराने बंद करून दर चौरस सेंटीमीटरला दोन-अडीच किलोचा हवेचा दाब द्यायचा, आणि ब्लॉक गरम पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे. गरम पाण्याचा आग्रह धरा, कारण थंडपणी मिटलेली चीर तापल्यावरच तोंड उघडते. ओले लायनर नव्या ओ-रिंगांसह बसवूनच ही टेस्ट होते, तेव्हा बुडबुडा नेमका कुठून येतो ते पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. हे काम मशीन शॉपमध्येच करून घ्या. हवेच्या दाबाने पट्टी उडाली तर माणूस जायबंदी होतो.

चीर सापडलीच, तर ती किती लांब यापेक्षा कुठे आहे ते आधी पाहा. बाहेरच्या भिंतीची चीर पिना गुंफून, म्हणजे मेटल स्टिचिंगने, चांगली बंद होते. कोरड्या सिलिंडरच्या भिंतीत असेल तर स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नवी नळी, टाकून भागतं. मेन बेअरिंगच्या भिंतीत असेल तर मी तो ब्लॉक बांधणार नाही, कोणी कितीही छातीठोकपणे वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी.

आणि हेड त्याच फेरीत तपासायला द्या. व्हॉल्व्ह सीटांच्या मधली जागा विशेष करून दाखवा.