मोराच्या खालचा पुठ्ठा

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. चार पानी आहे, म्हणून सारांशच देते. मुलगी अकरावी सायन्सला. दहावीला 86 टक्के होते, सहामाहीत फिजिक्स-केमिस्ट्रीत कशीबशी पास. हातात सतत कात्री. दिवाळीत 120 रुपयांना एक असे 14 आकाशकंदील विकले. वडिलांनी 19 वर्षं चादरीच्या कारखान्यात जेकॉर्डची कार्डं, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पंच केली. कारखाना बंद पडला, आता एका गोदामात हिशेब लिहितात. त्यांचा प्रश्न असा: "मॅडम, कागद कापून कुणाचं पोट भरलंय का? हिला फार्मसीला घालू की बीसीएला?" पत्राखाली वेगळ्या शाईत मुलीच्या तीन ओळी आहेत: "मी सगळं पिंटरेस्टवर बघून करते. सोलापुरात बघण्यासारखं काही नाही, म्हणून स्वतःचं काही सुचत नाही. पुण्याला आले तर सुचेल का?" सोबत तिच्या कामाचे 11 फोटो.

नमस्कार,

फार्मसी आणि बीसीएकडे मी येते. आधी तुमच्या तिसऱ्या पानावरचं एक वाक्य. "परीक्षेच्या आठवड्यात तिच्या सामानाची दोन खोकी रद्दीवाल्याला दिली, 37 रुपये आले, तेव्हापासून शांत आहे, अभ्यासाला बसते." हे वाक्य तुम्ही पुढच्या-मागच्या वाक्यांसारखंच लिहून टाकलंय. उलट, उपाय लागू पडला असाच सूर आहे त्यात. मी मात्र पुढचं पान उलटायला बराच वेळ घेतला.

सोळा वर्षांची पोर त्या दिवशी रडली असती, भांडली असती, रुसून एक वेळ जेवली नसती, तर मला एवढी काळजी वाटली नसती. शांत झाली, याची वाटते. अशी शांत मुलं सल्ल्यासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत नेहमी येतात. आईबाप बोलत असतात आणि मुलगा टेबलाच्या कडेवरून नख फिरवत असतो. काहीही विचारा, उत्तर एकच: "चालेल." इंजिनिअरिंग? चालेल. फार्मसी? चालेल. दोन वर्षांनी तीच मुलं एकटी येतात, चार विषय राहिलेले असतात, आणि तेव्हा कळतं की त्या वेळी त्यांना काहीच चालत नव्हतं, फक्त बोलून उपयोग नाही हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. तुमची लेक अजून तिथवर गेलेली नाही. गेली असती तर त्या तीन ओळी लिहिल्या नसत्या. त्या तुम्हाला दाखवून लिहिल्या की पाकीट चिकटवायच्या आत घाईघाईने, कोण जाणे.

तेव्हा पहिलं काम: तिची माफी मागा. बाप मुलांची माफी मागत नसतो, वगैरे मला सांगू नका. खोकी परत येणार नाहीत, त्यांचा आता लगदा झाला असेल. पण "माझं चुकलं" एवढं म्हणायला फी लागत नाही.

तुमची भीती मला कळत नाही असं समजू नका. हातात एक विद्या होती, ग्राफवरची चौकट बघून कार्डावर कुठे भोक पाडायचं हे तुम्हाला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. मग इलेक्ट्रॉनिक जेकॉर्ड आले, कार्डांची गरजच संपत गेली. हाताच्या कामावर पोट ठेवलेल्या माणसाला आपल्या मुलीच्या हातात कात्री बघून धस्स होणारच. पण मग तुमचाच प्रश्न तुम्हाला परत विचारते. कागद कापून कुणाचं पोट भरलंय का? अहो, तुमचंच भरलं की! पुठ्ठ्याला भोकं पाडून 19 वर्षं घर चालवलंत, त्याच पगारात ही मुलगी मोठी झाली.

आता तुमच्या मनातला एक गैरसमज. तो तुमचा एकट्याचा नाही, निम्म्या महाराष्ट्राचा आहे. कागद म्हणजे शाळेतला कार्यानुभव आणि सायन्स म्हणजे त्याच्या विरुद्ध टोक, एक धरलं की दुसरं सुटलं. घरातलं जुनं वर्तमानपत्र घ्या आणि वरून खाली फाडा, बहुधा सरळ फाटेल. मग आडवं फाडा. वेडंवाकडं जाईल. कारण मशीनवर कागद धावत असताना त्यातले बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेने रांगेत पडतात. हातकागदात ही दिशा जवळपास नसते, कारण चाळणी लगद्यात बुडवून उचलताना ती सगळीकडून हलवली जाते. वर्तमानपत्र पिवळं का पडतं? लाकडातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं म्हणून. सुती चिंध्यांपासून केलेला कागद टिकतो, कारण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. हे सगळं तुमच्या लेकीच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकापासून फार लांब नाही. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे, तिथे असाच सुती कातरणीचा लगदा करून कागद काढत आले. खादी ग्रामोद्योग आयोगाची गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या नावाची हातकागद संस्था जयपूरजवळ सांगानेरला आहे. आयआयटी रुरकीच्या सहारनपूरच्या परिसरात कागद आणि पॅकेजिंगचा अख्खा विभाग आहे. मुंबईत 1966 पासून पॅकेजिंगची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे, बी.एस्सी. करूनही तिथे जाता येतं. जुन्या पोथ्या, नकाशे, दस्तऐवज वाचवणारे लोक असतात, त्यांना कागदही कळावा लागतो आणि रसायनंही. यातलं काहीही "कला की सायन्स" या तुमच्या दोन कप्प्यांत बसत नाही.

म्हणून सायन्स बदलायची घाई नको, आणि त्यावरून घरात रोज तमाशाही नको. राज्यातल्या बीएफएची एएसी सीईटी, आयआयटींची यूसीड, एनआयडीची डॅट आणि निफ्टचं बी.डिझाइन, कला-डिझाइनच्या या सगळ्या प्रवेशांना बारावी कुठल्याही शाखेची चालते. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघा, क्लासवाल्यांच्या पत्रकावर नको. फार्मसी तिने स्वतः मागितली तर जरूर द्या. तुमच्या पत्रात ती फक्त तुमच्या तोंडी आहे.

पैशाचं मात्र तुमचं बरोबर आहे आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. 14 कंदिलांचे 1,680 रुपये. कागद, काड्या, डिंक, दोरा मिळून एकामागे 45 रुपये गेले असं तुम्ही लिहिता. म्हणजे हातात उरले 1,050. एका कंदिलाला तीन तास धरले तर 42 तास. तासाला 25 रुपये. मजुरी यापेक्षा जास्त मिळते. हा हिशेब तुम्ही तिला ओरडून सांगितलात. तो तिच्या शेजारी बसून, वहीवर मांडून सांगा, गोदामात रोज मांडताच. मग प्रश्न बदलतो: तीन तासांचं काम चाळीस मिनिटांत कसं बसेल? कंदील घडी घालून पाकिटात कसा जाईल? 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीची मखरं पुठ्ठ्याची आणि घडीची होऊ लागली. ती बनवणाऱ्यांनी नेमके हेच प्रश्न सोडवलेत. इन्स्टाग्रामवर भेटकार्डं विकून संसार चालेल असं मी तिला कधीच सांगणार नाही. पण दुमडून उभा राहणारा खोका ज्याला डोक्यात दिसतो त्याला काम मिळतं.

आता लेकीशी बोलते. हा भाग तिला वाचायला द्या.

बाळ, तुझे अकराही फोटो मी मोठे करून पाहिले. हात स्वच्छ आहे, कुठे डिंकाचा डाग नाही, क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळलेल्या कागदी पट्ट्यांचे वेढे एकसारखे आहेत. आणि एक स्पष्ट सांगते, कंटाळा आला. मंडला. चेरीच्या फुलांची फांदी. आयफेल टॉवर. लंडनची लाल टेलिफोन पेटी. ती पेटी तू पाहिली आहेस का? मीही नाही पाहिली. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी तू फार सफाईने कापतेस, आणि डिझाइनच्या प्रवेश परीक्षेत पहिली हजेरी घेतात ती निरीक्षणाचीच. सफाईवर तिथे फार वेळ निघत नाही.

आठवा फोटो मोराचा. मोर ठीक आहे, असे मोर मी शंभर पाहिलेत. पण पिसाऱ्याच्या डाव्या कडेला, जिथे पट्ट्या थोड्या कमी पडल्यात, तिथे खालचा पुठ्ठा दिसतो. चार लांबट पट्ट्या शेजारी शेजारी लावलेल्या, आणि त्यांना ओळीने बारीक गोल भोकं. जेकॉर्डची कार्डं आहेत ना ती? बाबांची?

ती भोकं तू मोराने झाकून टाकलीस.

त्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय हे तुला माहीत आहे का? एक कार्ड म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. जिथे भोक आहे तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्याने ओवून साखळी केली की मागावर फूल उतरतं. तुझ्या हातातल्या चार कार्डांत कुठल्या तरी चादरीचे चार धागे आहेत. फुलाच्या पाकळीचे असतील, नाहीतर नुसत्या काठाचे. हे तुला ओळखता येणार नाही, मलाही नाही. तुझ्या घरात एका माणसाला येईल.

मग "सोलापुरात बघण्यासारखं काही नाही" हे तू मला कसं लिहिलंस गं? जुन्या पेठांत एखादा किराणावाला अजून कागदात पुडी बांधून देत असेल, त्याच्यासमोर दहा मिनिटं उभी राहा. वर्तमानपत्राच्या पाव पानातून सुळका होतो, टोक आत मुडपलं जातं, जिन्नस पडतो, तोंडाच्या तीन घड्या, दोऱ्याचे दोन वेढे आणि एक झटका. डिंक नाही, कात्री नाही. ती पुडी घरी आणून उलगड आणि घड्यांच्या रेषा पेन्सिलने काढ. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा असते, सिद्धेश्वराच्या लग्नाला सात नंदीध्वज बाशिंग बांधून निघतात. त्या बाशिंगाकडे भक्तिभावाने बघच, पण एकदा ते जोडलंय कसं हेही बघ. पुण्यात येऊन तुला जास्त दुकानं दिसतील, जास्त क्लास दिसतील. सुचण्याचं सांगता येत नाही. माझ्याकडे पुण्यातली मुलं येतात, तीही चेरीची फुलंच घेऊन येतात.

हातकागद घरी करून बघायचा असेल तर रद्दीचाच लगदा कर. चादरीच्या किंवा टॉवेलच्या कातरणी मिक्सरमध्ये घालू नकोस, धागे पात्याला गुंडाळतात. मी हे सासूबाईंच्या मिक्सरवर शिकले आहे आणि तो विषय आमच्या घरी अजून निघतो.

दादा, परत तुमच्याकडे. एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, ती फोटोवरून कळली. ती कार्डं तुमच्या घरात आली कशी? कारखाना बंद झाला त्या दिवशी तुम्ही ती उचलून घरी आणली असणार. इतकी वर्षं माळ्यावर असतील. रद्दीवाला आला तेव्हा तुम्ही लेकीची खोकी दिलीत, ती कार्डं दिली नाहीत. का नाही दिलीत, हे मला सांगायची गरज नाही, तिला सांगा.

आणि येत्या रविवारी एक ग्राफपेपर घ्या. तिला हवं ते चित्र तिने चौकटींत भरावं, पण मोर नको. तिने कडक भाकरीची चळत काढली तरी चालेल. मग ते चित्र कार्डावर कसं उतरतं हे तुम्ही तिला दाखवा. पंच नसेल तर तापवलेली दाभण वापरा. सहामाहीचे मार्क त्या दिवसापुरते काढायचे नाहीत, ही माझी अट.

झालं की मला पुन्हा लिहा. त्या मोराचाही एक फोटो पाठवा, या वेळी मागच्या बाजूने.