नोकरी सांभाळून इंट्राडे ट्रेडिंग शिकताना सुरुवातीला काय अडचणी येतात?

मी चाकणला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि दोन वर्षांपासून इंट्राडे, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकणं, शिकतोय. नोकरी करता करता हे जमेल का, आणि नेमकं अडतं कुठे, असं तुम्ही विचारलंय. चार्ट वाचायला तर सहा महिन्यांत येतं. माझं घोडं अडलं ते वेळेपाशी.

बाजार सव्वानऊ ते साडेतीन. म्हणजे पहिल्या पाळीच्या आठवड्यात विषयच संपला. रात्रपाळी करून आल्यावर काही दिवस तसाच स्क्रीनपुढे बसलो. झोपेच्या तारेत एकदा विकायच्या जागी खरेदीच दाबली गेली आणि माल दुप्पट झाला. त्यानंतर रात्रपाळीत ॲप उघडलं नाही. उरली दुसरी पाळी. सकाळ मोकळी, पण कंपनीची बस दोनला.

त्या बसचा एक दिवस सांगतो. एका बँकेचे १०० शेअर ५०० ला घेतले होते, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आपोआप विक्री होईल असा लावून ठेवलेला भाव, ४९६. भाव ४९६.५० पर्यंत आला आणि मी स्टॉपलॉस काढून टाकला. जरा वर आला की विकू, असं वाटलं. दीडला ४९३. बसमध्येही डोळे मोबाईलवरच, बाहेर नेहमीची कोंडी. आमच्याकडे गेटवर मोबाईल जमा करावा लागतो. तो दिला तेव्हा सौदा उघडाच होता. बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरच्या सिस्टिमने तो आपोआप कापला, ४८८ ला. त्याचा चार्ज वेगळा. ४०० रुपयांत सुटलो असतो, तिथे १२०० गेले. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या संध्याकाळी प्रेसवर डाय लावताना माझं लक्ष नव्हतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या हेल्परचा हात आत होता. काही झालं नाही. तरी तो हात मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी गेलेले पैसे काढायचे म्हणून सात सौदे केले. नवीन माणूस हे हमखास करतो. त्यातून खर्चाचं गणित कळलं. ५०० चे १०० शेअर घेऊन त्याच दिवशी विकले, तर दोन्ही बाजूंची ०.०३ टक्के दलाली, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर), जीएसटी, स्टॅम्प ड्युटी धरून ५० रुपयांच्या वर जातात. भाव अर्धा रुपया चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच असता. सात सौद्यांचे साडेतीनशे, मग दिशा बरोबर असो की चूक.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२२-२३ या वर्षात शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० वैयक्तिक ट्रेडरपैकी ७ जण तोट्यात होते. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या करारांमध्ये, तर सेबीच्याच वेगळ्या अभ्यासात १० पैकी ९. म्हणून ऑप्शनकडे पहिली दोन वर्षं कृपा करून फिरकू नका. पाचपट लिव्हरेज, म्हणजे आपल्या पैशांच्या पाचपट माल घ्यायची मुभा, मिळतं म्हणून ते वापरलंच पाहिजे असंही नाही. मी स्वतःच्या पैशांएवढाच माल घेतो.

आता मी फक्त दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बसतो. पहिली १५ मिनिटं नुसतं बघतो, दिवसाला दोनच सौदे, आणि साडेअकराला फायदा असो वा तोटा, सगळं बंद. स्टॉपलॉस एकदा लावला की हात लावत नाही. सौदा का घेतला ते वहीत आधी लिहितो. कारण लिहिता आलं नाही तर घेत नाही. अजून फायद्यात आलेलो नाही, पण गेल्या चार महिन्यांत तोटा महिन्याला हजाराच्या आत राहिलाय.

करसल्लागाराला मात्र आधीच विचारून ठेवा. इंट्राडेचं उत्पन्न सट्टा व्यवसायात धरतात. त्यातला तोटा पगारातून वजा होत नाही, फक्त पुढची चार वर्षं अशाच नफ्यातून वळता करता येतो, तोही रिटर्न मुदतीत भरला तरच. मी पहिल्या वर्षी नेहमीप्रमाणे पगारदाराचा फॉर्म भरून मोकळा झालो, आणि तो तोटा दाखवायचा राहून गेला.