वाचक विचारतात : रस्त्यावरची ड्यूटी आणि कायदा

प्रश्न : मी एका ठेकेदाराकडून पुण्याच्या मध्यभागातील एका गर्दीच्या बसथांब्यावर प्रवासी मदतनीस म्हणून काम करते. ड्यूटी सकाळी सात ते दुपारी चार असते. अंगावरच्या जाकिटावर वाहतूक सेवेचे नाव आहे, पगार मात्र ठेकेदार देतो. पॉइंट सोडायचा नाही आणि बसायचे नाही, असा नियम आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटे टेकले, तेवढ्यात सुपरवायझर आले आणि पंधरा हजारांच्या पगारातून ८०० रुपये कापले गेले. स्वच्छतागृह लांब असल्यामुळे मी ड्यूटीवर पाणीच पीत नाही. साहेबांना विचारले तर ते ठेकेदाराकडे पाठवतात, ठेकेदार म्हणतो ‘वरून ऑर्डर आहे’. मी दाद कोणाकडे मागावी? — एक वाचक, धायरी

उत्तर : दंडाकडे नंतर येऊ; मला अधिक काळजी वाटली ती पाण्याच्या वाक्याची. रस्त्यावर उभे राहून काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया हाच उपाय करतात आणि त्याची किंमत मूत्रमार्गाच्या संसर्गाने, डोकेदुखीने आणि उन्हाळ्यात चक्कर येऊन चुकवतात. कडक उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी साधारण पेलाभर पाणी पोटात जायला हवे, तहान लागण्याची वाट पाहू नये. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो तेव्हा डांबरी रस्त्याच्या कडेला, बसच्या गरम धुरात उभ्या असलेल्या माणसाला हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा अधिक ताप सोसावा लागतो. एखादा सहकारी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकाला फोन करावा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

आता कायदा. कामगारांविषयीच्या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत कल्याणकारी सोयींची जी यादी आहे, तिच्यात ज्यांना उभे राहूनच काम करावे लागते अशा सर्व कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था स्पष्ट शब्दांत नमूद आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपल्याला दंड झाला, ती सोय खरे तर मालकाने करून द्यायची आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांच्या बसण्याच्या हक्कासाठी आपापल्या कायद्यात दुरुस्ती केली, ती साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी आवाज उठवल्यावर. चौकातल्या माणसाची तक्रार त्यांच्याहून वेगळी नाही; त्याच्या डोक्यावर छप्पर नाही, एवढाच काय तो फरक.

‘ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर आपण यापुढे मान्य करू नये. ठेकेदाराकडे ५० किंवा अधिक कामगार असतील, तर कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होतात आणि त्यांनुसार पिण्याचे पाणी, विश्रांतीची जागा, स्वच्छतागृह यांसारख्या सोयी देण्याची जबाबदारी ठेकेदारावर नसून ज्याचे काम चालले आहे त्या मूळ मालकावर आहे. ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो चुकता करून नंतर ठेकेदाराकडून वसूल करण्याची जबाबदारीही त्याचीच. आपल्या जाकिटावर ज्याचे नाव आहे, तोच हा मूळ मालक.

त्यामुळे अर्ज त्या सेवेच्या विभागप्रमुखांच्या नावे लिहावा, ठेकेदाराला प्रत द्यावी, आवक शिक्का मारून एक प्रत स्वतःकडे ठेवावी. अर्जात भावना कमी आणि तपशील जास्त असावा : पॉइंटपासून सर्वांत जवळचे स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, ते किती वाजता उघडते, तेथे जाऊन येईपर्यंत पॉइंटवर बदली कोण उभा राहतो. बदली माणूस हा या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. स्वच्छतागृह पाच मिनिटांवर असले तरी पॉइंट सोडला म्हणून गैरहजेरी लागणार असेल, तर त्याचा उपयोग नाही. दोन शेजारच्या पॉइंटमध्ये मिळून एक फिरता मदतनीस नेमला, तर अर्ध्या तक्रारी मिटतात.

आणखी एक मार्ग फारसा वापरला जात नाही. सार्वजनिक सेवेच्या ठेक्याची निविदा आणि कार्यादेश माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळतात, त्यासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. गणवेश, रेनकोट, बूट, विश्रांतिकक्ष यांसारख्या अटी अशा कागदांत पुष्कळदा लिहिलेल्या असतात. अट सापडली, की आपले म्हणणे मांडणे सोपे होते.

दंडाबाबत : त्या चार संहितांपैकीच असलेल्या वेतन संहितेनुसार दंड कोणत्या कृत्यांसाठी होऊ शकतो याची यादी सरकारच्या मंजुरीने आधी जाहीर करावी लागते, कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि एका पगारातला एकूण दंड त्या पगाराच्या तीन टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. पंधरा हजारांवर ती मर्यादा ४५० रुपये होते. तेव्हा ८०० रुपये कोणत्याही हिशेबाने बसत नाहीत. पगारचिठ्ठीची प्रत जोडून अपर कामगार आयुक्तांच्या पुणे कार्यालयात तक्रार करता येईल. सोबत नेमणूकपत्र आहे का, पीएफ खात्यात ठेकेदाराचा वाटा जमा होतो का, आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असल्याने मिळायला हवे ते ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड हातात आहे का, हेही पाहून घ्यावे. आठ तासांवरचे काम दुप्पट दराने मोजले जाते. पालखी आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत थांबवले, तर त्या तासांची नोंद रोजच्या रोज वहीत ठेवावी.

प्रश्न : माझी मुलगी एका स्थानकाबाहेर प्रवाशांना मार्गदर्शन करण्याचे काम करते. एक इसम रोज येऊन तिच्याशी लगट करतो, तिचे मोबाइलवर चित्रीकरण करतो. ‘तो काही आपला कर्मचारी नाही, आम्ही काय करणार?’ असे तिला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का? — एक पालक, हडपसर

उत्तर : अजिबात नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी कामगार स्त्रीही येते आणि कामानिमित्त जेथे जावे लागते ती जागाही कामाचे ठिकाण मानली जाते. त्रास देणारा बाहेरचा असला तरी त्याच्यापासून सुरक्षित जागा देण्याचे आणि पोलिसांत तक्रार करण्यास मदत करण्याचे कर्तव्य मालकाचे आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत मालकाने अशा तक्रारींसाठी नेमलेल्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी. अशी समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. प्रत्यक्ष प्रसंगी तिने हुज्जत घालू नये. सुरक्षारक्षकाजवळ किंवा तिकीट खिडकीच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहावे आणि ११२ ला फोन करावा. तिची बदली दुसऱ्या पॉइंटवर करून प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न होईल. बदली तिने मागितली असेल तरच ती मदत ठरते, एरवी ती तिलाच शिक्षा.

प्रश्न : लॉस एंजेलिसमध्ये मुलाकडे असताना मेट्रो स्थानकांवर असेच मदतनीस पाहिले. तेथेही ठेकेदारीच आहे का? — एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : सुरुवात तशीच झाली. तेथील मेट्रोने २०२२ मध्ये हा उपक्रम ठेकेदारांमार्फत सुरू केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो कायमस्वरूपी करून मदतनिसांना स्वतःच्या सेवेत घेण्याचे ठरवले. आपल्याकडे यातून घेण्यासारखे एवढेच, की प्रवासी ज्याला ‘मेट्रोवाला’ किंवा ‘बसवाला’ म्हणून ओळखतो, त्याचा पगार तिसऱ्याच कार्यालयातून निघणे अपरिहार्य नाही.

प्रश्न : रेनकोटचे पैसे पगारातून कापणे कायदेशीर आहे का? — एक वाहतूक मदतनीस, कात्रज

उत्तर : नाही. कामगाराच्या सुरक्षिततेसाठी आणि आरोग्यासाठी पुरवलेल्या कोणत्याही वस्तूचा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही, असे वर उल्लेखिलेली २०२० ची संहिता सांगते. पावसात दिवसभर उभे करणारा मालक रेनकोट या व्याख्येबाहेर आहे असे म्हणू शकेल, असे मला वाटत नाही. त्याच संहितेतील सोयींच्या यादीत ओले कपडे वाळवण्याची जागाही आहे. जूनमध्ये ती मागणीही अर्जात घालावी.