समतोल स्थिरांक दिलेला असताना समतोलावस्थेतील संहती कशी काढावी?

हायड्रोजन आणि आयोडीन यांच्या वायूंपासून हायड्रोजन आयोडाइड बनण्याची अभिक्रिया घेऊ: H₂ + I₂ ⇌ 2HI. समतोल स्थिरांक म्हणजे समतोलावस्थेतील उत्पादितांच्या संहतींचा (प्रतिलिटर मोलांचा) गुणाकार भागिले अभिकारकांच्या संहतींचा गुणाकार; त्यात प्रत्येक संहतीला तिचा समीकरणातील सहगुणक घातांक म्हणून लागतो. ४३० अंश सेल्सिअसला तिचा समतोल स्थिरांक सुमारे ५४.३ आहे. २ लिटरच्या बंद पात्रात दोन्ही वायू प्रत्येकी ०.४ मोल घेतले, तर प्रत्येकाची आरंभीची संहती ०.२ मोल प्रतिलिटर होते. त्यांपैकी प्रत्येकी 'क्ष' इतकी संहती खर्च झाली असे मानल्यास दोन्ही अभिकारक (०.२ − क्ष) उरतात आणि हायड्रोजन आयोडाइड २क्ष तयार होते, कारण संतुलित समीकरणात त्याचा सहगुणक २ आहे. स्थिरांकाच्या सूत्रात तो २ घातांक म्हणूनही येतो, आणि विद्यार्थी बहुधा या दोनपैकी एक जागा विसरतात.

आता (२क्ष)² ÷ (०.२ − क्ष)² = ५४.३. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतल्यावर २क्ष ÷ (०.२ − क्ष) = ७.३७, म्हणून क्ष ≈ ०.१५७. हायड्रोजन व आयोडीन प्रत्येकी ०.०४३, तर हायड्रोजन आयोडाइड ०.३१५ मोल प्रतिलिटर. आरंभीच्या संहती असमान असत्या, तर वर्गसमीकरण सोडवून, ज्या मुळाने एखादी संहती ऋण येते ते टाकून द्यावे लागले असते.

या अभिक्रियेत वायूंच्या मोलांची एकूण संख्या बदलत नसल्यामुळे आकारमान सूत्रातून निघून जाते आणि संहतीऐवजी थेट मोल वापरले तरी स्थिरांक बरोबरच येतो, ही सवय मात्र घातक आहे. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडच्या विघटनात एका मोलाचे दोन मोल होतात. तिथे लिटरने भागायचे राहिले, तर उत्तर चुकतेच.