थकलेलं भाडं आणि कादंबरी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायचं म्हणतोस, आणि खोलीचं भाडं दोन महिने थकलंय हे अगदी शेवटच्या ओळीत सांगतोस. मी त्या ओळीपासूनच सुरुवात करतो.

हिशेब मांडू. समजा, पहिली आवृत्ती १००० प्रतींची (हल्ली ५०० चीही काढतात), किंमत ३०० रुपये आणि मानधन १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी तुझ्या हाती ३०,००० रुपये. तेही खपतील तसे, दोन-तीन वर्षांत. यावर मुंबईत घर चालत नाही, आणि यात तुझ्या लेखणीचा काही दोष नाही.

नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. त्यांचा पहिला संग्रह १९६२ साली आला. त्या नोकऱ्यांनी त्यांची कविता बारीक झाली नाही; उलट तिथली माणसं कवितेत आली. तुझ्या कचेरीतली माणसं तू पत्रात किती जिवंत उभी केलीस, ते पुन्हा वाचून बघ.

नोकरी अगदीच नको असेल तर भाषांतर घे, मुद्रितशोधन घे. एक शब्दांवर मोजतात, दुसरं पानांवर. मी अकरा वर्षं प्रुफं तपासली. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करता करता माझी वाक्यं आटोपशीर झाली. मात्र दर आधी ठरव, लेखी घे. ‘नवीन आहेस, नाव होईल’ असं म्हणून फुकट मागणारे भेटतील. माझी पहिली चार वर्षं अशीच गेली आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रकाशकाच्या करारावर घाईत सही करू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले की थांब. ऑडिओ, भाषांतर, चित्रपट यांचे हक्क वेगळे ठेव. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान असतं, त्यासाठी अर्ज कर.

आणि राजीनामा अजून दिला नसशील तर देऊ नकोस. रविवारी ये. करार आण, कादंबरीची पहिली तीन प्रकरणंही आण. भाड्याचं मी बघतो. जमेल तेव्हा परत दे.

तुझा,
काका