एकवीस महिने गेले, तीन उरले

गोव्यातल्या साखळीच्या एका वाचकाचा थोरला भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. सुटीत अमेरिकेत मित्राकडे गेला आणि हवाई प्रदर्शनात, लष्करातून बाद झालेल्या जुन्या दोन आसनी जेटमध्ये मागच्या सीटवर बसला. कसरती चालू असताना विमान कोसळलं, पायलट आणि तो, दोघेही गेले. विमा कंपनीने वैयक्तिक अपघात विम्याचा दावा नाकारला. कंपनीचं बरोबर आहे का, असं वाचक विचारतात. दावा नाकारल्याची पत्रं तारवट्यांच्या घरून मला सतत येतात. विमान तेवढं या पत्रात नवीन.

तुम्ही चार पानं कंपनीला शिव्या दिल्यात आणि नकाराच्या पत्राची तारीख शेवटी कंसात टाकलीत. सगळं त्या तारखेवरच अडलंय. पत्राला एकवीस महिने झाले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. विमा लोकपालाकडे जायची मुदत नकारापासून एका वर्षाची, ती तुम्ही घालवलीत. दर दोन महिन्यांनी ईमेल पाठवत होतो म्हणता. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण ‘कायदा ठाऊक नव्हता’ एवढ्यावर ती माफी मिळेल असं धरून चालू नका.

पोर्तुगीज कायद्यात मुदत वीस वर्षांची असते, असं मामांनी सांगितलं म्हणे. असे मामा गोव्यात वाड्यावाड्यावर आहेत. जुन्या नागरी संहितेच्या ५३५ व्या कलमात वीस वर्षं होती, खरं आहे. पण २००१ साली गोव्यातल्याच एका बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इथेही १९६३ चा मुदत कायदाच लागू. शिवाय ग्राहक आयोगाची मुदत त्याच्या स्वतःच्या कायद्यातली. पोर्तुगिजांचा वारसा नवराबायकोच्या मालमत्तेत शोधा, इथे नको.

‘चौकशीचा अंतिम अहवाल येऊ दे’ म्हणून थांबलात, ते तर अगदीच चुकलं. इंग्लंडात शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ रोजी जुनं हॉकर हंटर जेट प्रदर्शनात रस्त्यावर कोसळून ११ माणसं मेली. तांत्रिक अहवाल २०१७ साली आला, पायलट २०१९ मध्ये निर्दोष सुटला आणि मृत्यूंची न्यायालयीन चौकशी संपायला डिसेंबर २०२२ उजाडला. तिकडे ही गत, तर तुमच्या चौकशीचं काय सांगू? मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

आता पॉलिसीतलं कलम. या पॉलिसींत बहुधा असं असतं की विमानातल्या मृत्यूची भरपाई नाही. अपवाद फक्त रीतसर परवाना असलेल्या ‘स्टँडर्ड टाइप’ विमानातल्या प्रवाशाचा. अमेरिकेत विमानाला प्रमाणपत्र मिळतं ते स्टँडर्ड किंवा स्पेशल. लष्करातली जुनी जेट सहसा स्पेशलमध्ये, ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून उडतात. कंपनी यावरच बोट ठेवणार. आपलं उत्तर असं की ‘स्टँडर्ड टाइप’ची व्याख्या पॉलिसीत नसेल तर संदिग्ध शब्दाचा अर्थ विमेदाराच्या बाजूने लावावा लागतो, आणि कलम लागू पडतं हे सिद्ध करणं कंपनीच्या गळ्यात. जिंकाल असं मी म्हणणार नाही. त्याहून मोठी भीती वेगळी आहे. कसरतीच्या उड्डाणात सहसा प्रवासी बसवत नाहीत. तुमच्या भावाचं नाव तिथल्या कागदावर ‘क्रू’ म्हणून लिहिलेलं निघालं, तर तो प्रवासीच राहत नाही. अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था एनटीएसबी, तिची कागदपत्रं जाहीर होतात, त्यात हे आधी पाहा.

तक्रार वहिनींच्या नावाने करा, तुमच्या नव्हे. नॉमिनी त्याच आहेत. उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात, ई-जागृति पोर्टलवरून होते. अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्यावरून ठरतं, मागितलेल्या रकमेवरून नाही, आणि तो हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कच नाही. तिकडच्या आयोजकांवर दावा करायचा तर तिथलाच वकील हवा. बऱ्याच राज्यांत तीही मुदत दोनच वर्षं असते आणि ती मृत्यूपासून मोजतात, त्यामुळे फार आशा धरू नका. भावाने बसण्याआधी काय सही करून दिली होती, तेही शोधा.

तुमच्याकडे विम्याचं नुसतं सर्टिफिकेट आहे, शर्तींची पुस्तिका नाही. ती उद्याच लेखी मागा आणि पोच घ्या. आठ दिवसांत नाही आली, तर तिच्याविना तक्रार दाखल करा.