व्हीपीएन जोडत नाही? आधी तारीख बघा

प्रश्न : मी घरून एका कारखान्याचे हिशेब बघते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं टॅली उघडता यावं म्हणून त्यांनी ओपनव्हीपीएनची (घरचा पीसी इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली. माझा जुना असेंबल्ड पीसी आहे : कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, 32 बिट लिनक्स मिंट 19.3. कनेक्शन लगेच तुटतं, लॉगमध्ये ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ असं येतं. लाइट गेली की पीसीची तारीखही मागे जाते. आता नवा पीसी घ्यावा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नवा पीसी नको, नवा सेल घ्या. तारखेचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण दुखणं तिथंच आहे. सर्टिफिकेट म्हणजे जोडणीचं डिजिटल ओळखपत्र, ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालतं. तुमचा पीसी त्याआधीच्या तारखेत बसलाय, म्हणून त्याच्या मते ते अजून सुरूच झालेलं नाही.

पीसीच्या आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, गोल, चपटा सेल दिसेल. लाइट नसताना पीसीचं घड्याळ तोच चालवतो. नाव सीआर 2032, म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानातही मिळतो. पीसीचा प्लग काढा, सेलच्या कडेची पत्र्याची पट्टी दाबली की तो वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणारी सेटिंग) तारीख लावा आणि मिंटमध्ये नेटवर्कवरून वेळ घेण्याचा पर्याय चालू ठेवा.

आता व्हीपीएन. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नेटवर्क मॅनेजरचा ओपनव्हीपीएन प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) आहे का बघा. नेटवर्क कनेक्शन्समध्ये ‘+’ दाबून फाइल इम्पोर्ट करा. सोबत सर्टिफिकेटच्या सुट्या फाइल आल्या असतील तर त्या डाउनलोड्समध्ये ठेवू नका. एखाद्या रविवारी साफसफाईत उडतील आणि कनेक्शन पुन्हा बंद. आयपीव्ही 4 च्या ‘रूट्स’मध्ये ‘हे कनेक्शन फक्त त्याच नेटवर्कसाठी वापरा’ अशा अर्थाची चौकट असते, तिथे टिक करा. नाहीतर घरचं यूट्यूबही ऑफिसच्या लाइनवरून फिरून येईल.

वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन घ्या, असं कुणीतरी सांगेलच. जुन्या प्रोसेसरवर ते हलकं चालतं, खरं आहे. पण सर्व्हर ओपनव्हीपीएनचा असताना त्याचा तुम्हाला उपयोग शून्य. एका टॅलीसाठी आहे ते पुरे.

काळजी करायची तर मिंटची, म्हणजे तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमची करा. 19.3 चे अपडेट एप्रिल 2023 मध्येच थांबले, आणि असा पीसी ऑफिसच्या नेटवर्कला जोडणं मला पटत नाही. कोअर टू ड्युओ हा प्रोसेसर मुळात 64 बिटचा आहे, म्हणजे नवं मिंट त्यावर चालेल; तुम्हाला 32 बिट कुणी घालून दिलं कोण जाणे. रॅम 4 जीबी करून मिंट 22 ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, तिला 2029 पर्यंत अपडेट आहेत.

आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या त्या फाइलचं : अशा फाइलमध्ये बऱ्याचदा तुमची खासगी कीसुद्धा (तुमची ओळख पटवणारी गुप्त डिजिटल किल्ली) असते. ऑफिसला सांगून ती रद्द करायला लावा आणि नवी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन या.